साखरेच्या बेटांवरचे लोकधन

(लकडगंज, नागपूर येथे स्वयंसेवक, त्यांचे कुटुंबीय आणि नागरिक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लकडगंज हे नावच लाकडाच्या व्यापारावरून पडलेले. बल्लारशा-चांद्याकडील सागवान येथील टालांवर उतरू लागले, आरामशीनी सुरू झाल्या आणि त्या व्यापाराबरोबर कच्छ-काठियावाडातील अनेक कुटुंबे या भागात स्थिरावली. त्यांची नातवंडे आज अस्सल नागपुरी मराठी बोलतात. तरीही नवरात्र आले की येथील मैदानांवर आणि समाजभवनांतून गरब्याचे फेर धरले जातात. २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. त्या नोंदीच्या कितीतरी आधीपासून लकडगंजातील आया आपल्या मुलींना पावलांचा ठेका शिकवीत आल्या आहेत. मनुष्य गाव सोडताना भांडीकुंडी मोजून घेतो. गाणे मात्र मोजले जात नाही, ते आपोआपच त्याच्याबरोबर येते.

परंतु येथे आलेल्या कुटुंबांना रेल्वे होती. पत्र टाकता येत होते, लग्नकार्याला गावी जाता येत होते, कुलदैवताचे दर्शन घडत होते. ज्यांच्यामागे समुद्र होता आणि ज्यांच्या नशिबी बहुधा परतीचा प्रवास नव्हता, त्यांच्या गाण्यांचे काय झाले, हा आजचा विषय आहे.

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. मुक्त झालेले आफ्रिकी मजूर त्याच मळेवाल्यांच्या उसात पुन्हा राबावयास तयार नव्हते. तेव्हा साखरेच्या मालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. पाच वर्षांच्या करारावर माणसे नेण्याची पद्धत सुरू झाली. करार म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’, त्याचे लोकांच्या तोंडी झाले ‘गिरमिट’, आणि त्यावर अंगठा उठविणारा तो ‘गिरमिटिया’. मे १८३८ मध्ये पहिली जहाजे गयानाला लागली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सुमारे सव्वादोनशे माणसांसह त्रिनिदादला पोहोचले. ५ जून १८७३ रोजी ‘लाला रुख’ डच वसाहत असलेल्या सूरिनामला आले. १९१७ मध्ये ही भरती थांबेपर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादमध्ये १ लाख ४४ हजार, जमैकात ३६ हजारांवर आणि सूरिनाममध्ये ३४ हजारांवर माणसे उतरली होती. त्यांतील फार मोठा भाग भोजपुरी आणि अवधी बोलणाऱ्या पूर्वांचल-बिहारमधून कलकत्त्याच्या बंदरात आणला गेलेला होता. करारात परतीच्या भाड्याची तरतूद असे. पण १८६९ पासून त्रिनिदादच्या सरकारने त्या भाड्याऐवजी जमिनीचा तुकडा देऊ केला, आणि अनेकांनी तो पत्करला. ऊस तोडणारा मनुष्य तेथेच शेतकरी झाला, आणि गाव तेथेच वसले.

जहाजावरच्या तीन-साडेतीन महिन्यांत जातीची उतरंड ढासळली. एका जहाजातून आलेले ते परस्परांचे ‘जहाजी भाई’ झाले. हे नाते पुढे सख्ख्या नात्याइतके मानले गेले. गाठोड्यात कोणाकडे मानसाची पोथी होती, कोणाकडे तुळशीचे बी होते, असे त्यांचे वंशज सांगतात. बहुतेकांजवळ मात्र पाठांतराखेरीज दुसरे काहीही नव्हते. आणि एक मोठा विरोधाभास येथेच लक्षात घ्यावयास हवा. पुढील शतकभरात त्रिनिदाद आणि गयानामधील घरांतून भोजपुरी जवळपास निघून गेली व इंग्रजीच घरची भाषा बनली. सूरिनाममध्ये तिचे ‘सरनामी’ हे रूप टिकले, एवढाच काय तो अपवाद. भाषा गेली की संस्कृती गेली, असे आपण सहज म्हणून टाकतो. या बेटांवर भाषा गेली, पण लग्नातील हळद राहिली, फाल्गुनातील चौताल राहिला, रामलीला राहिली. गाणाऱ्याला शब्दन्‌शब्द कळत नाही, पण कोणत्या विधीला कोणते गाणे हे त्याला चुकत नाही.

हे सहजासहजी घडलेले नाही. त्रिनिदादमध्ये हिंदू पद्धतीने लागलेल्या विवाहाला १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. म्हणजे शंभर वर्षे अग्नीसाक्षीने लागलेली लग्ने सरकारी दप्तरात लग्नेच नव्हती, आणि त्यांतून झालेली मुले कायद्याने अनौरस होती. शाळा बहुतांशी मिशनऱ्यांच्या हाती. नोकरी हवी तर नाव बदलावे, धर्म बदलावा, असा अप्रत्यक्ष दंडक. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या सनातन धर्म महासभेने पुढे गावोगाव स्वतःच्या शाळा उभारल्या. त्या साध्या शेडवजा इमारतींना ‘गोठे’ म्हणून हिणविले गेले. त्याच गोठ्यांतून नंतरच्या पिढ्या शिकल्या.

याच काळातील एका सामान्य मजुराची कथा येथे सविस्तर सांगावयास हवी. शिवदास साधू हे लहानपणी आईवडिलांबरोबर भारतातून त्रिनिदादला आलेले. वॉटर्लू येथे समुद्रकिनारी त्यांनी १९४७ मध्ये एक लहानसे मंदिर बांधले. ती जागा साखर कंपनीच्या मालकीची निघाली. मंदिर पाडा, असा हुकूम झाला. साधूंनी स्वहस्ते ते पाडण्याचे नाकारले. १९५२ मध्ये मंदिर पाडण्यात आले, साधूंना दंड झाला आणि १४ दिवसांचा कारावासही. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी विचार केला तो असा : जमीन कंपनीची आहे, पण समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही! मग सायकलीला बादल्या अडकवून दगड, रेती, सिमेंट नेण्यास त्यांनी आरंभ केला. ओहोटीला पाणी मागे सरले की भर घालायची, भरतीला थांबायचे. लोक वेडा म्हणत. किनाऱ्यापासून सुमारे पाचशे फूट आत, वर्षानुवर्षे एकट्याने भर घालून त्यांनी समुद्रात मंदिर उभे केले. १९७० च्या सुमारास ते गेले, तेव्हा काम अपुरेच होते आणि लाटांनी त्याची झीज चालविली होती. भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, १९९५ मध्ये, त्रिनिदादच्या सरकारने ते मंदिर पूर्णत्वास नेले. ज्या राज्यव्यवस्थेने पाडले तिच्याच वारसदारांनी ते बांधले. आज पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात. वारसा जपण्याविषयी सरकारी पत्रकांतून पुष्कळ लिहिले जाते, पण सायकलीला अडकविलेल्या त्या दोन बादल्या पत्रकात मावत नाहीत.

या बेटांवर सोसणारे केवळ आपलेच लोक होते असे मात्र नाही, आणि तसे सांगणे अन्यायाचे होईल. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आपली मुक्ती ‘कॅनबुले’ नावाच्या मशालींच्या मिरवणुकीने साजरी करावयास सुरुवात केली होती. पेटलेल्या उसाची आठवण त्या नावात आहे. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलिसांनी ती मिरवणूक मोडण्याचा प्रयत्न केला व रस्त्यावर लढाई जुंपली. त्यानंतर ढोल वाजविण्यावर बंदी आली. ढोल गेला, तर लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून डबे, आणि मग तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांतून स्वर काढले. त्या ‘स्टीलपॅन’ वाद्याच्या नावाने ११ ऑगस्ट हा जागतिक दिवस पाळण्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ मध्ये ठरविले. नागपूरकरांना ते साल ऐकून काही आठवेल. काळी मारबत निघू लागली ती १८८१ च्या सुमारास, आणि तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ मध्ये. लकडगंजापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, इतवारीच्या रस्त्यांवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, महागाई आणि राजकारण्यांचे बडगे लोक वाजतगाजत नेतात आणि जाळतात. त्रिनिदादचा कॅलिप्सो गाणारा सत्ताधाऱ्यांची जशी रेवडी उडवितो, तसेच काम आपल्याकडे बडग्याच्या गळ्यातील पाटी करते. या दोन परंपरांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण परकी सत्ता डोक्यावर असता सामान्य माणूस रस्त्यावर काय करतो, ते दोन्हीकडे सारखेच दिसते.

त्या बंदीच्या दिवसांत, ऑक्टोबर १८८४ मध्ये, सान फर्नांडो येथे मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्या मिरवणुकांत हिंदू मजूरही मोठ्या संख्येने असत, कारण मळ्यावरच्या मजुराला रस्त्यावर उतरून ‘आम्ही आहोत’ असे सांगण्याचा वर्षातील तो मोठा दिवस होता. त्याच मिरवणुकांतील ताशा पुढे त्रिनिदादमधील हिंदू लग्नांत आला आणि आज तो तेथील भारतवंशीयांची ओळख बनला आहे. मातीचे खापर, त्यावर चामडे, वाजविण्यापूर्वी जाळावर शेकून ताणलेले, आणि दोन लवचिक काड्या. आपल्या ढोल-ताशा पथकातील कोणत्याही मुलाला हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडे मातीचे खापर जाऊन धातूचे भांडे आले व चामड्याच्या जागी फायबर आले. त्रिनिदादमध्येही नवे साहित्य आले आहेच, पण शेकोटीवर ताशा तापविणे हे तेथे अजूनही लग्नाच्या मांडवाबाहेरचे नेहमीचे दृश्य आहे.

आता स्त्रियांकडे वळू या, कारण खरे भांडार त्यांच्याकडेच होते. त्रिनिदादमध्ये लग्न बहुधा रविवारी लागते आणि त्याआधीच्या शुक्रवारी रात्री ‘मटकोर’ होतो. घरातील स्त्रिया वाजतगाजत पाणवठ्याकडे किंवा मोकळ्या जागी जातात, धरित्रीची पूजा करून माती खणतात आणि ती मांडवात आणतात. पुरुषांना तेथे प्रवेश नसे. ढोलकी स्त्रियाच वाजवीत. त्या रात्रीची गाणी मोकळी, खट्याळ, प्रसंगी धीट असत. नव्या नवरीला संसाराची जी गोष्ट उघड सांगता येत नाही, ती तेथे थट्टेतून सांगितली जाई. आपल्याकडे हळदीच्या रात्री विहिणींची जी थट्टा चाले, ज्या उखाण्यांवर आजोबा मुद्दाम बाहेरच्या ओसरीवर जाऊन बसत, त्याच कुळीचा हा प्रकार.

हीच गाणी पुढे मांडवाबाहेर आली. १९६८ च्या सुमारास सूरिनामच्या द्रौपदी नावाच्या गायिकेने लग्नातील पारंपरिक गीतांची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती घराघरांत पोहोचली. पाठोपाठ त्रिनिदादच्या सुंदर पोपो यांनी ‘नाना अँड नानी’ हे गीत गाऊन, ढोलक आणि दंतालाच्या जोडीला गिटार घेऊन, ‘चटणी’ या नव्या संगीताचा पाया घातला. दंताल म्हणजे लोखंडाची एक लांब सळई आणि नालासारखा तुकडा. बैलगाडीचा आस आणि घोड्याचा नाल यांपासून तो घडला, असे तेथे सांगतात. १९७० पासून दूरचित्रवाणीवर ‘मस्ताना बहार’ सुरू झाले आणि खेड्यातील मुलामुलींना गाण्यासाठी व्यासपीठ मिळाले. १९९६ पासून चटणी-सोकाच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा होऊ लागल्या.

येथे मात्र एक वाद उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. रमच्या बाटलीची स्तुती करणारी गाणी, मंचावरील अंगविक्षेप, आजीने मटकोरात गुपचूप गायिलेल्या ओळी हजारो पुरुषांपुढे लाउडस्पीकरवर! तेथील अनेक पंडितांनी व हिंदू संस्थांनी याला विरोध केला. विरोध करणाऱ्यांना जुनाट म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. तसेच चटणी गाणाऱ्यांना संस्कृती बुडविणारे म्हणणेही सोपे आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते. मटकोरातील गाणे धीट होते, पण त्याला मर्यादा होती, आणि ती मर्यादा शब्दांत नव्हती. ती कोण ऐकते आहे यात होती. प्रसंग गेला, प्रेक्षक आला, आणि शब्द तेच राहूनही गाणे वेगळे झाले. दुसरीकडे हेही खरे की चटणी नसती तर विशीतल्या मुलाच्या ओठांवर भोजपुरीचा एक शब्दही उरला नसता. जतनाच्या कामात हा पेच टाळता येत नाही. लावणीच्या बाबतीत महाराष्ट्राने तो अनुभवला आहे.

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ इंडियन कल्चरने १९८६ पासून चगुआनास येथे ‘दिवाळी नगर’ भरविण्यास सुरुवात केली. देशभरातून लोक तेथे येतात. हे सारे उत्तम. परंतु २००३ मध्ये त्रिनिदादची सरकारी साखर कंपनी ‘कॅरोनी’ बंद झाली, सुमारे नऊ हजार कामगारांची नोकरी गेली, आणि ज्या उसाने ही गावे वसविली तो ऊसच गेला. चौताल गाणारी मंडळी एकाच मळ्यावर राबणारी, एकाच वेळी मोकळी होणारी होती. फाल्गुनात दोन रांगांत समोरासमोर बसून तास-तासभर चढत्या लयीत गायचे तर रोज संध्याकाळी सराव लागतो. आता कोणी बँकेत, कोणी तेलाच्या कारखान्यात, कोणी न्यूयॉर्कला. तरीही चौतालाच्या मंडळ्या टिकून आहेत, आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात गयानातून गेलेली मंडळी देवळांतून तो गातात. रंगपंचमीच्या दिवशी ध्वनिवर्धकावर सिनेगीते लावून नाचणाऱ्या आपल्या वसाहतींनी याची नोंद घेण्यासारखी आहे.

रामलीलेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेले कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. त्यांनी आपल्या नोबेल भाषणाचा आरंभ केला तो त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेने. उसाच्या सपाट प्रदेशातील मैदान, बांबूचा प्रचंड पुतळा, धनुष्यबाण घेतलेली गावची मुले. वॉलकॉट यांनी तेथे मोकळेपणाने मान्य केले की आपण हे सारे नाटक म्हणून पाहत होतो, काहीतरी हरवलेल्याचे अवशेष म्हणून पाहत होतो, आणि त्या मुलांच्या लेखी मात्र ते नाटक नव्हते, ती श्रद्धा होती. जगन्मान्य कवीला आपली दृष्टी तपासावयास लावण्याचे सामर्थ्य गावच्या रामलीलेत होते. संशोधक बहुधा ऱ्हास शोधावयास जातो, आणि समोर चाललेला उत्सव त्याला दिसत नाही.

एवढे ऐकल्यावर एखादा मराठी श्रोता विचारील की या गिरमिटियांत आपले कोणी होते काय? कॅरिबियनमध्ये मराठी माणूस फारसा गेला नाही. परंतु याच साखरेने, याच कराराने तो मॉरिशसला नेला. मॉरिशसला गेलेल्या साडेचार लाखांवर मजुरांत मुंबई बंदरातून निघालेल्यांचा वाटा लहान होता. ही माणसे प्रामुख्याने रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतील. नोंद करणाऱ्या कारकुनाला आडनावाशी कर्तव्य नव्हते. त्यामुळे खापरपणजोबाचे पाळण्यातील नावच पुढे आडनाव झाले, आणि आज तेथील दूरध्वनीच्या यादीत ‘बाबाजी’सारखी आडनावे दिसतात. ज्या धक्क्यावर मजूर उतरविले जात, तो पोर्ट लुईचा ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मॉरिशसच्या मराठी घरांतून आज बोलण्याची भाषा बहुधा क्रिओल आहे. शाळेत मराठी विषय शिकविला जातो, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्याचे उच्च शिक्षण आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यासाठी आपले नागपूरचे देवेंद्र फडणवीस तेथे गेले होते, हे वृत्त येथील सर्वांनी वाचलेच असेल. गणेश चतुर्थीला तेथे देशभर सुट्टी असते. या गणपतीत रात्र जागविते ती ‘झाकरी’. पुरुष फेर धरतात, ढोलकी आणि झांज वाजते, गाणारा एक ओळ टाकतो आणि फेरातील मंडळी ती उचलतात. कोकणात रत्नागिरी-चिपळूणच्या वाड्यांतून गणपतीत जी ‘जाखडी’ होते, तिचेच हे रूप. कोकणातील जाखडीत मधोमध शाहीर आणि ढोलकीवाला बसतो, पायात चाळ बांधलेले गडी भोवती फिरतात, आणि शक्ती-तुऱ्याच्या दोन पक्षांत सवाल-जवाब रंगतात. पूर्वी मुंबईत घरकामाला असलेले कानात बाळ्या घालणारे कोकणी गडी हे नृत्य करीत, म्हणून त्याला ‘बाल्या नाच’ हेही नाव पडले. मराठी व्यासपीठांवर जाखडीला बराच काळ जी दुय्यम जागा मिळाली, तिचे मूळ कदाचित या नावातच असावे. घरगड्याचा नाच म्हणून आपण ज्याकडे पाठ फिरविली, तोच समुद्रापलीकडे एका समाजाचे कुळाचाराइतके पवित्र धन झाला.

मॉरिशसमधील भोजपुरी स्त्रियांनी या बाबतीत फार दूरदृष्टीचे काम केले. लग्नाआधी हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसा कापडात बांधून देवांना आवाहन करणारी त्यांची ‘गीत-गवई’ २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पण यादीत जाण्याआधी त्यांनी गावोगाव गीत-गवईच्या शाळा काढल्या. या शाळांत शिकविणाऱ्या स्त्रियांजवळ पदवी नव्हती. गाणी पाठ असणे हीच त्यांची पात्रता. शिकावयास येणाऱ्या कित्येकींना भोजपुरी धड बोलता येत नव्हती. त्या प्रथम गाणे शिकल्या, मग त्याचा अर्थ, आणि मग भाषा. आपल्या शिक्षणशास्त्राच्या नेमका उलटा क्रम, आणि तो फळला.

मार्च २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान मॉरिशसला गेले तेव्हा गीत-गवईने त्यांचे स्वागत झाले, आणि त्याच वर्षी जुलैत ते त्रिनिदादला गेले तेव्हा भोजपुरी चौतालाने. त्रिनिदादमधील भारतवंशीयांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याची घोषणाही त्या वेळी झाली. सहावी पिढी! लकडगंजातील किती घरांत खापरपणजोबांचे मूळ गाव ठाऊक आहे, याचा हिशेब ज्याने त्याने घरी मांडावा.

मग विदर्भाकडे काय आहे? पुष्कळ आहे, पण ते झपाट्याने सरत आहे. भाद्रपदातील पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर विदर्भ-खानदेशातील मुली भुलाबाई मांडीत. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ. शंकर-पार्वतीच्या नावाने त्या गाण्यांत सारा सासर-माहेरचा संसार येतो. मटकोर जसा नव्या नवरीला सांगे, तशी भुलाबाई आठ-दहा वर्षांच्या मुलीला येणाऱ्या आयुष्याची ओळख करून देई. फ्लॅट आले आणि घरोघर जाण्याची सवय गेली. शिकवणी वर्ग संध्याकाळीच असतात. काही संस्था आता भुलाबाईच्या स्पर्धा घेतात. जळगावचा भुलाबाई महोत्सव तर प्रसिद्धच आहे. नागपुरातही महिला मंडळे असे कार्यक्रम करतात. स्पर्धा वाईट नाहीत. मुली निदान गाणी पाठ करतात. पण स्पर्धेत पाच मिनिटे मिळतात, म्हणून लांब गाणी कापली जातात. परीक्षकांना आवडावे म्हणून एकसारख्या साड्या येतात. आणि खिरापतीची मौज मंचावर आणता येत नाही. चटणी संगीताने जो प्रश्न त्रिनिदादला घातला, तोच येथे सौम्य रूपात उभा आहे.

पूर्व विदर्भातील दंडार, खडी गंमत यांचे आयुष्य तुलनेने बळकट दिसते, कारण झाडीपट्टीतील नाट्यप्रयोगांना आजही तिकीट काढून प्रेक्षक येतो. गाण्यांचे तसे नाही. ती आजींजवळ आहेत. वर्धा, अमरावती, यवतमाळ, भंडाऱ्याहून नागपुरात येऊन राहिलेल्या सत्तरी-ऐंशीच्या आजी या परिसरातील प्रत्येक इमारतीत आहेत, आणि त्यांच्याकडे कोणी गाणे मागत नाही.

हे काम विद्यापीठाची वाट न पाहता होण्यासारखे आहे, आणि त्याला निधीही लागत नाही. एका घरातील एक मुलगी आणि तिचा मोबाइल एवढी सामग्री पुरे. गाणे ध्वनिमुद्रित करताना आरंभी आजीचे नाव, माहेरचे गाव, ते गाणे तिने कोणाकडून व कितव्या वर्षी ऐकले, कोणत्या दिवशी गात असत आणि सोबत कोण असे, एवढे तिच्याच तोंडून नोंदवावे. कडवे विसरली तर मध्येच दुरुस्ती सुचवू नये. शेजारची दुसरी आजी आठवण करून देईल, म्हणून शक्यतो दोघींना एकत्र बसवावे. अर्थ न कळणारे शब्द गाळू नयेत. पऱ्हाटी, तिफण, धांडे यांच्या संसारातील शब्द शहरातील मुलीला अडणारच, ते वेगळे लिहून विचारावेत. जी गाणी आजीला पुरुषांपुढे गावयाची नसतील, ती नातीनेच ऐकावीत व तशी नोंद करावी. आणि लिहून घेतलेली वही घरातच ठेवून एक प्रत ग्रंथालयात द्यावी.

भाद्रपदातील पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत एक महिना मिळतो. त्या महिन्यात निदान दहा घरांत, संध्याकाळी सात वाजता, दूरदर्शन संच बंद करून ज्वारीचे पाच धांडे उभे करता आले, तर खिरापत काय करायची ते आजी सांगतीलच.